कैदखान्याच्या माळ्यावरचं विमान

पलंगाच्या पट्ट्या, जमिनीच्या फळ्या, विजेच्या वायरी आणि झोपायच्या पिशव्या. एवढ्या सामानात तुम्ही काय बनवाल? हॉस्टेलवर फार तर एखादं डुगडुगणारं टेबल होईल. जर्मनीतल्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदेत असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९४४मध्ये त्यातून दोन माणसांना घेऊन उडेल असं ग्लायडर बांधायला घेतलं!

बिल गोल्डफिंचला किल्ल्याच्या लायब्ररीत चक्क विमानाच्या डिझाइनचं पुस्तक सापडलं. (ते तिथे राहू देणाऱ्या जर्मनांना काय म्हणावं?) मग तो, जॅक बेस्ट आणि टोनी रोल्ट कामाला लागले. हाच रोल्ट पुढे १९५३ची ल मान्स रेस जिंकला, पण ते असो. चॅपलवरच्या माळ्यावर त्यांनी खोटी भिंत उभारली आणि तिच्यामागे वर्कशॉप थाटलं. पहारेकऱ्यांचं सगळं लक्ष भुयारांकडे. डोक्यावर कोण काय करतंय, हे कोण बघणार?

पंखांचा पल्ला पावणेदहा मीटर. सांगाड्यावर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड चढवलं. ते ताठ बसायला आणि त्यातून हवा जाऊ नये म्हणून लेप हवा. तो कुठून आणणार? रेशनमध्ये मिळणारं मिलेट शिजवून त्याचीच खळ दिली. आजी सुती साडीला देते ना, तोच प्रकार. उड्डाणासाठी छपरावर टेबलांची धावपट्टी करायची आणि काँक्रीट भरलेला बाथटब दोरीला बांधून १८ मीटर खाली सोडायचा, असा प्लॅन होता. टब खाली, ग्लायडर पुढे.

हा टाइमपास नव्हता बरं का. मार्च १९४४मध्ये दुसऱ्या एका छावणीतून पळालेल्या कैद्यांपैकी ५० जणांना पकडून गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्यामुळे कोल्डिट्झचं ग्लायडर अगदी शेवटच्या संकटासाठी राखून ठेवलं गेलं. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकी सैन्य आलं, कैदी सुटले आणि ते उडालंच नाही. पुढे ते कुठे गेलं, कुणालाच कळलं नाही. मागे राहिला एक फोटो आणि एक प्रश्न : उडालं असतं का?

२०००मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती बनवली गेली. ओडिहॅमच्या हवाई तळावर पायलट जॉन ली तिच्यात बसला आणि पहिल्याच प्रयत्नात ती उडाली. बघायला कोण होतं? स्वतः बेस्ट आणि गोल्डफिंच!

पण एअरफील्ड वेगळं आणि किल्ल्याचं छप्पर वेगळं. म्हणून मला २०१२चा प्रयोग जास्त खरा वाटतो. दुसरी प्रतिकृती थेट कोल्डिट्झच्या त्याच छपरावरून सोडली, बाथटबसकट. आत पायलट नव्हता, कंट्रोल रिमोटवर होता. ग्लायडर मुल्डे नदी ओलांडून पलीकडच्या कुरणात पोचलं, पण उतरताना जोरात आपटलं. आत दोघं असते तर? हातपाय मोडले असते कदाचित. पण नदीच्या पलीकडे.