गिटारीवरील मोर्तब

२००४च्या डिसेंबरात हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर कोसळलेल्या त्सुनामीतील आपद्ग्रस्तांना साहाय्य व्हावे, या हेतूने २००५च्या नोव्हेंबरात कतारमधील दोहा येथे फेंडर स्ट्रॅटोकास्टर जातीच्या एका विद्युत-गिटारीचा लिलाव झाला, आणि मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, पॉल मॅकार्टनी प्रभृतींच्या स्वाक्षऱ्या अंगावर वागवणाऱ्या त्या वाद्याला २७ लाख डॉलर आले. हा आकडा विस्मयकारक खरा. परंतु ती बोली दानाची होती, आणि घरातली स्वाक्षरीची गिटार विकावयास निघालेल्या गृहस्थाने तो आकडा मनात धरला तर त्याच्या पदरी निराशाच येईल.

त्याने पाहावे ते क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’कडे. १९७०च्या सुमारास नॅशव्हिल येथील एका दुकानातून क्लॅप्टनने सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर खरेदी केल्या, त्यांतील तीन जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड व स्टीव्ह विनवुड या स्नेह्यांना दिल्या, आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तमोत्तम भाग एकत्र जुळवून ही एक गिटार सिद्ध केली. तारांत खोचून ठेवलेल्या जळत्या सिगारेटीने तिच्या माथ्यावर पडलेला काळा डाग आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजलेली तिची मान ही तिची खरी सनद होय. २००४च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले व ती रक्कम अँटिग्वा येथील व्यसनमुक्ती केंद्राकडे गेली.

जुन्या मोडी पत्राचा अस्सलपणा ठरविताना संशोधक जसा माथ्यावरचा शिक्का व शेवटचे मोर्तब पाहतोच, पण कागद, शाई, हस्ताक्षर आणि पत्र कोणत्या दफ्तरातून आले याचीही शहानिशा करतो, तसेच येथे आहे. स्वाक्षरी बहुधा तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, म्हणजे पिकगार्डवर असते; आणि १९५९ नंतरच्या स्ट्रॅटोकास्टरवर ही पट्टी अवघ्या अकरा स्क्रूंनी बसविलेली असल्यामुळे, थोरामोठ्यांची सही असलेली पट्टी कोणत्याही स्वस्त गिटारीवर चढविणे हे पाच मिनिटांचे काम आहे. म्हणून जाणता गिऱ्हाईक सहीइतक्याच बारकाईने मानेच्या बुडाशी पेन्सिलीने अथवा शिक्क्याने घातलेली तारीख पाहतो, आणि आतल्या पोटेन्शिओमीटरवरचे आकडे वाचतो: १३७ हा सीटीएस कारखान्याचा अंक, त्यापुढे साल, त्यापुढे आठवडा. सही करतानाचे छायाचित्र, मूळ पावती, मध्यंतरीच्या मालकांचा तपशील एवढे कागद जवळ असतील तर भाव टिकतो. विक्रीपूर्वी गिटार चकचकीत करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. पुसण्याच्या भरात मार्करची शाई गेली, तर ती पुन्हा कोण आणून देणार?

आणखी एक बाब जंगल खात्याची. फेंडरने १९५९पासून स्ट्रॅटोकास्टरच्या बोटपट्टीला ब्राझीलचे शिसव वापरले व १९६०च्या दशकाच्या मध्यास ते सोडून आपल्या दक्षिणेकडील अरण्यांतल्या शिसवाचा आश्रय केला. ब्राझीलच्या शिसवावर १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंध आहेत. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाशी सौदा पक्का करण्यापूर्वी बोटपट्टीचे लाकूड जाणकाराकडून ओळखून घ्यावे, आणि परवाना लागत असल्यास तो हाती पडल्यावरच पेटी बांधावयास घ्यावी.