किंमत स्तर (लेखांकन)

किंमत स्तर म्हणजे एकाच वस्तूसाठी ग्राहकाचा वर्ग, खरेदीचे प्रमाण किंवा तारीख यांनुसार निरनिराळे विक्रीदर ठरवून ते लेखा-सॉफ्टवेअरमध्ये नोंदवण्याची पद्धत होय. घाऊक, किरकोळ, संस्थात्मक अशा प्रत्येक स्तराची स्वतंत्र दरसूची तयार केली जाते आणि ग्राहकाचे खाते त्यांपैकी एका स्तराशी जोडले जाते. बिल करताना वस्तू व नगसंख्या भरली की त्या ग्राहकाला लागू असलेला दर आपोआप येतो. लहान व्यवसायांत दर बहुधा मालकाच्या किंवा जुन्या कारकुनाच्या स्मरणात असतात. किंमत स्तरांमुळे तो अलिखित नियम तारखेसह हिशेबाच्या नोंदीत येतो. अर्थशास्त्रातील सर्वसाधारण किंमत पातळी ही यापेक्षा वेगळी संकल्पना आहे.

पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. या दाट वस्तीत एकाच वितरकाचे ग्राहक अनेक प्रकारचे असतात. किराणा दुकानदार खोक्याने माल उचलतो, उपाहारगृह महिन्याच्या उधारीवर घेते, गृहनिर्माण संस्था वर्षभरासाठी दर ठरवून मागते, तर दारात आलेला ग्राहक एकच नग नेतो. वस्तू तीच असली तरी या चौघांचा दर एक नसतो.

पूर्वी यात स्थानाचाही भाग असे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर ३० जून २०१७ पर्यंत जकात आकारली जात होती आणि मुलुंड व दहिसर येथे जकात नाके होते. लालबहादूर शास्त्री मार्गावर मुलुंड आणि ठाणे एकमेकांना लागून असले, तरी नाक्याच्या अलीकडील व पलीकडील मालाचा खर्च त्यामुळे वेगळा पडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाल्यावर जकात संपली. दरांतील स्थानभेदाचे हे कारण नाहीसे झाले. ग्राहकभेद मात्र कायम राहिला.

भारतातील लहान व्यापाऱ्यांमध्ये परिचित असलेले टॅली हे सॉफ्टवेअर बंगळूर येथील टॅली सोल्युशन्स या कंपनीचे आहे. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये ही कंपनी स्थापन केली. टॅली.ईआरपी ९ आणि २०२० मध्ये आलेले टॅलीप्राइम या दोन्ही आवृत्त्यांत बहुविध किंमत स्तरांची सोय आहे. झोहो बुक्ससारख्या इतर सॉफ्टवेअरमध्येही दरसूचीच्या रूपाने तीच सोय आढळते.

रचना

किंमत स्तर प्रामुख्याने दोन प्रकारे ठरवले जातात. टक्केवारीच्या पद्धतीत मूळ दरावर ठरावीक वाढ किंवा सूट दिली जाते. वस्तुनिहाय पद्धतीत प्रत्येक वस्तूचा दर स्वतंत्रपणे लिहिला जातो. पहिली पद्धत सांभाळण्यास सोपी असते. मात्र साखरेसारख्या कमी नफ्याच्या मालाला आणि सौंदर्यप्रसाधनांना एकच टक्केवारी लावल्यास कमी नफ्याचा माल तोट्यात विकला जाण्याची शक्यता असते.

टॅलीप्राइममध्ये कंपनीच्या वैशिष्ट्यांत (एफ११ कळ) बहुविध किंमत स्तरांचा पर्याय सुरू करून स्तरांना नावे दिली जातात. त्यानंतर दरसूचीत तीन गोष्टी भरल्या जातात: सूची लागू होण्याची तारीख, नगसंख्येची मर्यादा आणि दर किंवा सवलत. ग्राहकाच्या खात्यात त्याचा नेहमीचा स्तर नोंदवता येतो. नगसंख्येनुसार दर ठेवल्यास एका वस्तूची सूची पुढीलप्रमाणे असू शकते:

- १२ पेक्षा कमी नग: ५० रुपये
- १२ किंवा अधिक, परंतु ४८ पेक्षा कमी नग: ४७ रुपये
- ४८ किंवा अधिक नग: ४५ रुपये

येथे वरची मर्यादा 'पेक्षा कमी' या अर्थाने घेतली जाते. त्यामुळे पहिल्या ओळीतील दर नेमक्या १२ नगांना लागू होत नाही.

दर बदलताना जुन्या सूचीत खाडाखोड न करता नव्या तारखेची सूची जोडणे इष्ट ठरते. मागील तारखेचे बिल करावे लागल्यास त्या दिवशीचा दर मिळतो आणि अमुक दिवशी कोणता दर ठरला होता याचा पुरावा राहतो. आधी नोंदवलेली बिले नव्या सूचीमुळे बदलत नाहीत.

कायदेशीर मर्यादा

विक्रेत्याला ग्राहकागणिक वेगळा दर ठेवण्याची मोकळीक असली, तरी वेष्टित वस्तूंच्या बाबतीत तिला वरची मर्यादा आहे. १ एप्रिल २०११ पासून लागू असलेल्या वैधमापन (वेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा, म्हणजेच एमआरपीपेक्षा, अधिक दराने विक्री करता येत नाही. हे बंधन किरकोळ विक्रेत्याप्रमाणेच घाऊक विक्रेत्यालाही आहे. एमआरपीत सर्व कर समाविष्ट असतात. किंमत स्तरांतील दर अनेकदा करपूर्व असतो, म्हणून तुलना करताना त्यात कर मिळवणे आवश्यक असते.

औषधांच्या व्यापारात किंमत स्तर अधिक काटेकोर असतात. साठेदाराचा दर (पीटीएस), किरकोळ विक्रेत्याचा दर (पीटीआर) आणि एमआरपी अशा तीन पायऱ्या तेथे रूढ आहेत. औषधे (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ नुसार अनुसूचित औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी त्याच्या खरेदीदराच्या १६ टक्के नफा धरला जातो.

जीएसटी आकारणीत बिलावर दाखवलेली सवलत करपात्र मूल्यातून वजा होते. त्यामुळे ५० रुपये दर व १० टक्के सवलत लिहिली काय किंवा थेट ४५ रुपये दर लिहिला काय, करपात्र मूल्य ४५ रुपयेच राहते. विक्रीनंतर दिलेल्या सवलतीला मात्र केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५ मधील स्वतंत्र अटी लागू होतात.

२०२५ मधील करबदल

दरसूची करासह ठेवावी की करपूर्व, या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या जीएसटी दरबदलात दिसून आले. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल व आंघोळीचा साबण यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

उदाहरणार्थ, शाम्पूच्या एका बाटलीची करपूर्व किरकोळ किंमत १०० रुपये आणि दुकानदारासाठी वितरकाचा करपूर्व दर ९० रुपये मानल्यास, १८ टक्के कराने एमआरपी ११८ रुपये होते आणि दुकानदाराला बाटली १०६.२० रुपयांना पडते. कर ५ टक्के झाल्यावर एमआरपी १०५ रुपये, तर दुकानदाराचा दर ९४.५० रुपये व्हायला हवा.

वितरकाने सूचीत ९० रुपये हा करपूर्व दर ठेवला असेल, तर वस्तूचा करदर बदलताच बिल योग्य होते. सूचीत करासह १०६.२० रुपये लिहिले असतील आणि ते तसेच राहिले, तर सॉफ्टवेअर त्यातून ५ टक्के कर वेगळा काढून मूळ दर सुमारे १०१.१४ रुपये दाखवते. बिल गणिती दृष्ट्या अचूक असते, पण करकपातीचा लाभ पुढे जात नाही आणि दुकानदाराचा खरेदीदर नव्या १०५ रुपयांच्या एमआरपीहून अधिक होतो. अशी चूक बेरजेच्या तपासणीत सापडत नाही. ती सूची आणि एमआरपी शेजारी ठेवल्यावरच दिसते.

साठ्याचे मूल्यांकन

किंमत स्तर हा विक्रीदराचा भाग आहे; शिल्लक मालाचे मूल्य त्यावरून ठरत नाही. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखांकन मानक २ नुसार साठा हा खर्च किंवा निव्वळ प्राप्य मूल्य यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवला जातो. खर्च ठरवण्यासाठी प्रथम आगत-प्रथम निर्गत किंवा भारित सरासरी ही पद्धत सामान्यतः वापरली जाते. घाऊक दर वाढवल्याने गोदामातील जुन्या मालाची किंमत ताळेबंदात वाढत नाही. याउलट बाजारभाव खर्चाच्याही खाली गेल्यास साठ्याचे मूल्य कमी करावे लागते आणि तेव्हा प्रत्यक्ष मिळू शकणारा विक्रीदर महत्त्वाचा ठरतो.

नफ्याची टक्केवारी

किंमत स्तर ठरवताना खर्चावरील टक्केवारी आणि विक्रीवरील टक्केवारी यांची गल्लत होण्याचा संभव असतो. १०० रुपयांच्या मालावर २० टक्के चढवल्यास विक्रीदर १२० रुपये होतो. त्यात नफा २० रुपये, म्हणजे विक्रीच्या १६.६७ टक्केच असतो. विक्रीच्या २० टक्के नफा हवा असल्यास दर १२५ रुपये ठेवावा लागतो. औषधांसाठीचे वरील १६ टक्केही खरेदीदरावर मोजलेले आहेत. कमाल किमतीच्या प्रमाणात ते सुमारे १३.८ टक्के होतात.

मर्यादा

स्तरांची संख्या वाढली की पद्धतीचा उपयोग कमी होत जातो. प्रत्येक मोठ्या ग्राहकासाठी स्वतंत्र स्तर केल्यास दरवाढीच्या वेळी काही सूच्या जुन्याच राहण्याचा धोका असतो. म्हणून थोडे, स्पष्ट नावांचे स्तर ठेवून अपवादात्मक सूट बिलावर सवलत म्हणून दाखवणे सोयीचे ठरते. कोणाला किती सूट दिली हे त्यामुळे स्वतंत्रपणे दिसते. उधारीची मुदत, वाहतूक आणि परत आलेला माल यांचा खर्च किंमत स्तरात आपोआप येत नाही. महिनाभराच्या उधारीवर घेणाऱ्या उपाहारगृहाचा आणि रोखीने घेणाऱ्या दुकानदाराचा दर सूचीत एकच असला, तरी वितरकाला त्या दोघांकडून होणारा खरा नफा सारखा नसतो.