फाइल-प्रेषण, लिनक्स आदेश-ओळीवरील

इंटरनेटने जोडलेल्या एका संगणकातील फाइल केवळ टंकलिखित आदेशांच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकात नेण्याची क्रिया. दूरच्या सर्व्हरला बहुधा पडदा वा माऊस जोडलेला नसल्याने लिनक्स प्रणालीवर ही पद्धती अद्यापि प्रचलित आहे.

या क्रियेचा मूळ नियमसंच, एफटीपी, अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी अर्पानेट या जाळ्यासाठी मांडला. (भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी.) एफटीपीत परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जातो. थोड्या, परस्परपरिचित संस्थांच्या जाळ्यात हे खपून गेले. जाळे विस्तारल्यावर तो वाटेत चोरणे सोपे झाले. हेल्सिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जाळ्यावर अशी चोरी झाल्यावर तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही गूढलेखनयुक्त पद्धती तयार केली. एससीपी व एसएफटीपी हे आदेश तिच्यावरच आधारलेले आहेत.

गुप्ततेने वेळ मात्र वाचत नाही. मोठ्या फाइलीत किरकोळ बदल झाला असता ती समग्र पुन्हा पाठविणे हा अपव्यय होय. पण जुनी प्रत एका टोकाला व नवी दुसऱ्या टोकाला असता फरक कळावा कसा ? कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आरसिंक या आदेशाद्वारे याचे उत्तर दिले. ग्राहक संगणक जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे खंड पाडून प्रत्येकाच्या दोन पडताळा-संख्या (एक झटपट काढता येणारी, दुसरी खात्रीची) प्रेषकाकडे धाडतो. प्रेषक नव्या फाइलीवर खंडाएवढी चौकट एकेक बाइटने पुढे सरकवितो. मागे पडलेला बाइट वजा करून व नवा मिळवून, सर्व गणित पुन्हा न करता, पहिली संख्या मिळते. हीच यातील खरी खुबी आहे. ती जुळली तरच दुसरी तपासतात. दोन्ही जुळल्यास खंडाचा केवळ क्रमांक जातो. न जुळलेला मजकूर तेवढा प्रत्यक्ष पाठवावा लागतो. चौकट सरकती नसती, तर आरंभी एक अक्षर वाढताच पुढील सर्व खंड वेगळे ठरले असते. आरसिंकचे दळणवळण सामान्यतः एसएसएचवरूनच चालते.

आदेशात आधी मूळ स्थान व नंतर गंतव्य स्थान लिहितात. आरसिंकला डिलीट हा पर्याय जोडल्यास मूळ स्थानी नसलेल्या फाइली गंतव्य स्थानावरून पुसल्या जातात. तेव्हा स्थानांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या नव्या तबकडीबरहुकूम जुना संग्रहच रिकामा होतो. जाणकारही यात फसतात. यास्तव असा आदेश प्रथम एन व व्ही या अक्षर-पर्यायांसह चालवितात. त्यामुळे काय पुसले जाईल याची यादी मिळते, फाइलींना मात्र धक्का लागत नाही.