मगर आणि गरम

सुरतेतील कोसाडला लेकीकडे गेलो होतो. पाच वर्षांचा नातू ‘ग गवताचा, म मगरीचा’ असे घडाघडा म्हणून दाखवी. पण ‘गरम’ लिहून पुढे ठेवले की गप्प! पाठांतर होते, अक्षराचा नाद मात्र कानी बसला नव्हता.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. तेथे खेळ हाच अभ्यास होता. ते आठवून मी पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापले: म, ग, र. नुसता उच्चार करीत जुळवले, ‘मगर’ झाली. तुकडे फिरवले, तो ‘गरम’! पोर खुदकन हसले.

सायंकाळी एका गुजराती पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, “आजोबा, हा ग बिनटोपीचा!”

परमुलखात मराठी टिकेल, ती अशा खेळानेच.