कावळा, फांदी आणि गोवराची लस

मुलांनो, नागपुरात तान्हा पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, ती तुम्ही पाहिलीच असेल. काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्यामागे बडगे आणि सगळीकडे एकच आरोळी, “घेऊन जा गे मारबत!” खोकला, ताप, रोगराई सगळं तिने गावाबाहेर न्यावं, ही त्यामागची भावना. पूर्वी ज्या रोगांची लोकांना धास्ती वाटे त्यात गोवर होता. घरात गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा आणि आईचा जीव टांगणीला.

आज गोवरावर लस आहे. तरीही काही घरांत आई-बाबा कुजबुजतात, “दुसरा डोस द्यायचा का? लसीने म्हणे मूल स्वमग्न होतं.” फोनवर कुणाचा तरी निरोप आलेला असतो. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हाही नाना अफवा उठल्या होत्या.

ही स्वमग्नतेची भीती आली कुठून? इंग्लंडमधून. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय मासिकात... चुकलो, साप्ताहिकात, एक लेख छापला. त्यात किती मुलांचा अभ्यास होता? फक्त बारा! तुमच्या वर्गातल्या दोन-तीन बाकांवरची मुलं धरा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीनंतर मुलांमध्ये ऑटिझमची लक्षणं दिसली, असं सुचवलेलं होतं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, आई-बाबा घाबरले आणि लसीकरण घटलं. 2004 साली ब्रायन डीअर या पत्रकाराने शोधून काढलं, की लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते. पुढे मुलांच्या नोंदींतही फेरफार असल्याचं उघड झालं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. पण तोवर इंग्लंडमध्ये गोवर परतला होता.

तरी एक प्रश्न उरतोच. “आमच्या बाळाला लस दिली आणि त्यानंतरच ते बोलेनासं झालं,” असं सांगणारी आई खोटं बोलते का? मुळीच नाही. तिने पाहिलं ते खरंच आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. नावाने हाक मारली तरी न बघणं, बोट दाखवून वस्तू न मागणं, आलेले शब्द हरवणं ही स्वमग्नतेची लक्षणंही साधारण याच वयात नजरेत भरतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि बिचारा कावळा बदनाम होतो! 1994 साली अमेरिकेत संशोधकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांमध्ये तेव्हाच वेगळेपण दिसत होतं. तिकडे ही लस पहिल्या वाढदिवसानंतर देतात.

पण नुसत्या तर्कावर शास्त्रज्ञ थांबत नाहीत. डेन्मार्कमध्ये 6 लाख 57 हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या. तो अभ्यास 2019 मध्ये छापून आला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. भावंडाला स्वमग्नता असलेल्या मुलांतही नाही. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख!

आता गंमत ऐका. आई गरोदर असताना तिला रुबेला झाला तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष होऊ शकतो, आणि स्वमग्नतासुद्धा. न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी 1971 मध्येच हे दाखवलं होतं. म्हणजे ज्या लसीवर आळ आला, तीच लस स्वमग्नतेचं एक कारण टाळते.

लसीचा त्रास होतच नाही असं नाही. दंड दुखतो, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा बारीक पुरळ येतो. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी होते, म्हणून तर नर्सताई अर्धा तास थांबवून ठेवतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघा. गोवराचे विषाणू खोलीच्या हवेत दोन तास टिकतात. त्यातून न्यूमोनिया, डोळ्यांना इजा, कधी मेंदूला सूज येते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती.

तुमच्या वर्गातही एखादा स्वमग्न मित्र असेल. गोंगाट झाला की कान झाकणारा, तेच तेच खेळ आवडणारा. त्याची आई रात्रीबेरात्री स्वतःला दोष देत असेल, “मीच ती सुई टोचून आणली.” या अफवेचा मला खरा राग येतो तो इथे. स्वमग्नतेची मुळं बहुतांशी जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत आणि आनुवंशिकतेत असतात. आईच्या हातून काही चुकलेलं नसतं. तिला हवी असते ती लवकर तपासणी, वाणी-उपचार आणि शेजाऱ्यांनी नाक न मुरडणं. बाळ हाकेला प्रतिसाद देत नसेल तर पालकांनी “बाप उशिरा बोलायला लागला होता” म्हणून वाट बघत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं.

घरात लहान भावंड असेल तर आज त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि गोवर-रुबेलाच्या दोन्ही तारखा शोधा. एखादी राहून गेली असेल तर सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत ती देतात, मोफत. कार्ड हरवलं असलं तरी अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा.