राउटर भट्टी तापवत नाही

अमेरिकन बार्बेक्यूत मांस कोळशाच्या भट्टीत मंद आचेवर, साधारण १०७ अंश सेल्सियसला, तासन्‌तास शिजते. हौशी मंडळी त्यासाठी लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जीएलसारख्या जुन्या राउटरला जोडलेला तापमान नियंत्रक बनवतात. हा नियंत्रक भट्टी तापवतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उष्णता कोळशाचीच. नियंत्रक फक्त हवेचा पुरवठा सांभाळतो. थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक) भट्टीचे तापमान टिपतो. त्यानुसार मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) पंखा कमी-जास्त फिरवतो. चूल मंदावली की आपण फुंकणीने फुंकतो, पेटली की थांबतो, तसेच हे. राउटर वाय-फायवरून आकडे मोबाइलवर दाखवतो. पंखा थांबला तरी फटींतून हवा शिरत राहिल्यास तापमान चढतेच. म्हणून झाकण घट्ट बसायला हवे.