महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधील स्पर्धात्मक समतोल

एकाच स्पर्धेत उतरणाऱ्या संघांच्या बळातील सापेक्ष समानता म्हणजे स्पर्धात्मक समतोल होय. संघ जितके तुल्यबळ, तितका निकाल अनिश्चित. आणि या अनिश्चिततेमुळेच प्रेक्षक मैदानाकडे ओढला जातो, असा विचार सायमन रॉटेनबर्ग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने व्यावसायिक बेसबॉलविषयीच्या आपल्या लेखात (१९५६) मांडला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल हे या विचाराची कसोटी पाहणारे उदाहरण आहे. कारण तेथे समतोल दीर्घकाळ ढळलेला राहिला आणि तो ढळण्यास, स्त्रियांना समान संधी देणारा कायदाच काही अंशी निमित्त झाला.

समतोल मुख्यतः दोन प्रकारे मोजतात. एका हंगामापुरता विचार करताना संघांच्या विजय-प्रमाणांचे प्रमाण विचलन काढून त्याची तुलना, सर्व संघ तुल्यबळ असताना केवळ योगायोगाने येणाऱ्या विचलनाशी करतात. प्रत्येक संघ १६ सामने खेळत असल्यास हे आदर्श विचलन ०·५ ला १६ च्या वर्गमुळाने भागून, म्हणजे ०·१२५ इतके येते. महाविद्यालयीन खेळात मात्र ही पद्धत तोकडी पडते. प्रथम श्रेणीतील साडेतीनशेच्या आसपास संघ परस्परांशी सारख्या प्रमाणात खेळत नाहीत. शिवाय बलाढ्य संघ हंगामाच्या प्रारंभी दुबळ्या संघांना आपल्या मैदानावर बोलावून विजयांची बेगमी करतात. त्यामुळे विजेतेपदांची अनेक वर्षांतील वाटणी पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते. नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन (एन्‌सीएए) या संस्थेच्या १९८२ ते २०२५ या काळातील ४३ स्पर्धांची (२०२० ची स्पर्धा कोव्हिडच्या साथीमुळे रद्द झाली) विजेतेपदे केवळ १६ विद्यापीठांना मिळाली. त्यांपैकी १२ कनेक्टिकटला व ८ टेनेसीला. प्रत्येक विद्यापीठाच्या हिश्शाचा वर्ग करून बेरीज केल्यास हर्फिंडाल निर्देशांक सु. ०·१४ येतो. सात संघांनी सर्व विजेतेपदे आपसांत सारखी वाटून घेतली असती, तरी जवळजवळ हेच मूल्य आले असते. पुरुषांच्या स्पर्धेत याच काळात कोणत्याही विद्यापीठाला सहापेक्षा अधिक विजेतेपदे मिळाली नाहीत. तथापि पुरुषांचा खेळ मुळातच समतोल होता, असे मात्र नव्हे : १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने दहा वेळा अजिंक्यपद मिळविले होते.

जेम्स नेस्मिथने १८९१ च्या अखेरीस शोधून काढलेला हा खेळ सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने लगोलग स्मिथ कॉलेजमधील विद्यार्थिनींना शिकविला. पण मैदानाचे भाग पाडून व धावण्यावर निर्बंध घालून. स्त्रियांना चुरशीची स्पर्धा मानवत नाही, हा समज पुढे अनेक दशके टिकला. पाच खेळाडूंचा, पूर्ण मैदानावरील खेळ महाविद्यालयीन स्त्रियांसाठी १९७१ मध्ये रूढ झाला. त्याच वर्षी स्त्रियांच्या क्रीडास्पर्धांसाठी ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथ्लेटिक्स फॉर विमेन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा (१९७२) फिलाडेल्फियानजीकच्या इमॅक्युलाटा या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाने जिंकली. सोळा संघांत या संघाचे मानांकन पंधरावे होते आणि प्रवासखर्चासाठी खेळाडूंनी दात घासण्याचे ब्रश विकले होते. पुढील दोन्ही वर्षी इमॅक्युलाटाच विजयी झाले. त्यानंतरची तीन वर्षे मिसिसिपी राज्यातील डेल्टा स्टेटने गाजविली. म्हणजे समतोल तेव्हाही नव्हता. मात्र श्रेष्ठत्व पैशावर अवलंबून नव्हते.

जून १९७२ मध्ये संमत झालेल्या शिक्षणविषयक कायद्याच्या नवव्या प्रकरणाने (टायटल नाइन) संघराज्य शासनाचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली. प्रारंभी महिलांच्या संस्थेस क्रीडाशिष्यवृत्त्या मान्य नव्हत्या. न्यायालयीन दाव्यानंतर १९७३ मध्ये ती बंदी उठली. अमेरिकन फुटबॉलच्या उत्पन्नावर पोसलेली मोठी विद्यापीठे आता महिला संघांवर खर्च करू लागली आणि लहान महाविद्यालये मागे पडली. एन्‌सीएएच्या पहिल्या महिला स्पर्धेच्या (१९८२) अंतिम सामन्यात पेनसिल्व्हेनियातील चेनी स्टेट ही लहान कृष्णवर्णीय शिक्षणसंस्था लुइझिॲना टेककडून ६२–७६ अशी पराभूत झाली. पुढे तिला प्रथम श्रेणीत टिकता आले नाही. याचा दोष कायद्यास देणे योग्य होणार नाही. कायद्याने स्त्री-पुरुषांतील विषमतेवर बोट ठेवले होते. श्रीमंत व गरीब संस्थांतील विषमता हा त्याचा विषयच नव्हता.

समतोल ढळलेला राहण्याचे सर्वांत प्रभावी कारण मात्र वेगळेच आहे. पुरुषांतील अव्वल खेळाडू महाविद्यालयात एखादे वर्ष काढून व्यावसायिक संघात जातो. महिलांच्या व्यावसायिक संघटनेत (डब्ल्यूएन्‌बीए; खेळास प्रारंभ १९९७) अमेरिकन खेळाडूस सामान्यतः बाविसाव्या वर्षी किंवा पदवीनंतरच प्रवेश मिळतो. त्यामुळे असामान्य खेळाडू एकाच संघात चार वर्षे राहते. ब्रिअना स्टुअर्टच्या चारही वर्षांत (२०१३–१६) कनेक्टिकट अजिंक्य ठरले. त्याच संघाची सलग १११ विजयांची मालिका मार्च २०१७ मध्ये मिसिसिपी स्टेटने जादा वेळेत ६६–६४ अशी खंडित केली. पॅट समिट (टेनेसी, १९७४–२०१२) व जीनो ओरिएमा (कनेक्टिकट, १९८५ पासून) यांसारख्या प्रशिक्षकांच्या दीर्घ कारकीर्दीनेही गुणी मुलींचा ओघ ठराविक ठिकाणीच राहिला. पहिल्या सोळा मानांकित संघांना प्रारंभीच्या दोन फेऱ्या स्वतःच्या मैदानावर खेळता येतात, ही भर वेगळीच. अनपेक्षित निकाल अर्थात लागले आहेत : १९९८ मध्ये गटातील सोळाव्या मानांकनाच्या हार्व्हर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला ७१–६७ असे हरविले. असा निकाल पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ पर्यंत लागला नव्हता. अर्थात स्टॅनफर्डच्या प्रमुख खेळाडू तेव्हा जायबंदी होत्या.

२०१७ ते २०२५ या काळातील आठ स्पर्धांत सहा वेगवेगळे विजेते झाले. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींद्वारे उत्पन्न मिळविता येऊ लागले व विद्यापीठ बदलताना वर्षभर बाहेर बसण्याची अटही शिथिल झाली. यामुळे गुणवत्ता विखुरते, असे एक मत आहे. परंतु खेळाडू मुख्यतः जेथे पैसा व प्रसिद्धी आहे तेथेच जातात. २०२३ ची विजेती लुइझिॲना स्टेट हिची प्रमुख खेळाडू एंजल रीस आदल्याच वर्षी मेरिलंडहून आली होती. त्या वर्षी प्रथमच अजिंक्यपद मिळविणारा हा संघ लहान विद्यापीठाचा नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. स्पर्धेतील विजयांच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा देण्याची, पुरुषांच्या बाबतीत १९९१ पासून चालत आलेली पद्धत महिलांना २०२५ मध्ये लागू झाली. तो पैसाही प्रथम जिंकणाऱ्यांकडेच जातो.

रॉटेनबर्गचा विचार येथे पुरता लागू पडत नाही. २०२४ चा अंतिम सामना अपराजित साउथ कॅरोलायनाने आयोवाविरुद्ध ८७–७५ असा जिंकला. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तो सरासरी सु. १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक सु. १ कोटी ४८ लाख होते. यांतील बहुसंख्य प्रेक्षक आयोवाच्या केटलिन क्लार्क या एकाच खेळाडूचा खेळ पाहण्यास बसले असावेत.